पडद्यावरच्या नको त्या रक्तवाहिन्या: लेसर आणि अल्ट्रासाउंड एकत्र चालवताना

मधुमेहात किंवा पडद्याची शीर तुंबल्यावर डोळ्याच्या पडद्याचा काही भाग रक्ताविना राहतो. तो भाग व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतो आणि त्यामुळे तिथे नव्या रक्तवाहिन्या फुटतात. पण या वाहिन्या कच्च्या असतात. त्यांच्या भिंतीतून द्रव पाझरतो, त्या व्हिट्रियसच्या (डोळ्यात भरलेल्या जेलीसारख्या द्रवाच्या) बाजूला चढतात, फुटल्या की डोळ्यात रक्त पसरतं, आणि पुढे त्यांच्याभोवती चिवट पापुद्रा धरला की तो पडद्यालाच ओढून सोडवतो.

यावरचे रूढ उपाय दोन. एक म्हणजे लेसरने पडद्याच्या कडेचा भाग भाजणं. ठरलेल्या पद्धतीत ५०० मायक्रॉनचे, सेकंदाच्या दहाव्या भागाचे १२०० ते १६०० ठिपके देतात. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकन अभ्यासाने दाखवलं, की यामुळे दृष्टी पार जाण्याचा धोका निम्म्याहून कमी होतो. पण हा लेसर नव्या वाहिनीला हातही लावत नाही. प्रकाश शोषला जातो तो मुख्यतः पडद्यामागच्या रंगद्रव्याच्या थरात. तिथे उष्णता तयार होते, वरच्या प्रकाशपेशी मरतात, प्राणवायूची मागणी घटते, व्हीईजीएफ उतरतं आणि मग वाहिनी आक्रसते. कडेची आणि रात्रीची नजर थोडी जाते, ही त्याची किंमत. दुसरा उपाय म्हणजे डोळ्यात व्हीईजीएफविरोधी इंजेक्शन. भाजणं नाही, पण औषध ओसरतं, आणि काही आठवड्यांनी पुन्हा सुई.

आम्ही ज्या पद्धतीवर काम करतो तिच्यात नेम थेट वाहिनीतल्या रक्तावर असतो. अमेरिकेतल्या कॅन्सस आणि मिशिगन विद्यापीठांच्या गटांनी ती २०१७ मध्ये शोधनिबंधातून मांडली, आणि त्यानंतर सशाच्या डोळ्यातल्या वाहिन्यांवर तिची चाचणी झाली. कल्पना अशी: काही नॅनोसेकंदांची लेसर पल्स वाहिनीवर पडली की हिमोग्लोबिन ती शोषून घेतं आणि क्षणात प्रसरण पावतं. त्यातून दाबाची छोटी लहर उठते. त्याच क्षणी, त्याच जागी अल्ट्रासाउंडची ऋण दाबाची बाजू (लहरीत दाब खाली जातो तो भाग) आली तर रक्तात सूक्ष्म बुडबुडा उमटतो. मग अल्ट्रासाउंड त्या बुडबुड्याला फुगवत-दाबत राहतं आणि त्याच्या हालचालीने वाहिनीच्या आतल्या अस्तरावर घर्षण होतं. अस्तर दुखावलं की वाहिनी आकुंचन पावते, आत गुठळी धरते. एकटा लेसर या मात्रेला काही करत नाही. एकटं अल्ट्रासाउंडही नाही. दोन्ही जिथे आणि जेव्हा भेटतात तिथेच काम होतं, आणि आमचा जवळजवळ सगळा वेळ ही भेट घडवण्यात जातो. लेसरची ताकद ही यातली सर्वात सोपी बाब आहे.

सत्राची सुरुवात लेसर तापवण्यापासून. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा, दुप्पट वारंवारतेचा एनडी-याग आम्ही वापरतो, सेकंदाला १० पल्स. चालू केल्यावर पहिली वीस-तीस मिनिटं पल्समागची ऊर्जा सरकत असते, त्या काळातलं मोजमाप धरायचं नाही. तापल्यावरही पल्स-पल्समध्ये फरक राहतो, म्हणून वाटेत काच ठेवून प्रकाशाचा थोडा हिस्सा ऊर्जामापकाकडे वळवतो आणि प्रत्येक पल्सचा आकडा साठवतो. सरासरीवर विसंबून चालत नाही, कारण एखादी जास्त ऊर्जेची पल्सही वाहिनी फोडायला पुरते.

ठिपक्याचा आकार मोजताना लोक घाई करतात. २ मिलिमीटर व्यासाच्या ठिपक्याचं क्षेत्रफळ ०.०३१४ चौरस सेंटिमीटर. चौरस सेंटिमीटरला ५० मिलिजूल हवे असतील तर पल्समागे साधारण १.६ मिलिजूल लागतात. आता व्यास नुसता दहा टक्क्यांनी चुकून लहान आला, तर ऊर्जा तीच असूनही दर चौरस सेंटिमीटरची मात्रा सुमारे २३ टक्क्यांनी वाढते. शिवाय ठिपका सगळीकडे सारखा नसतो. जुन्या रॉडच्या लेसरमध्ये मधेच तापलेले डाग असतात. कॅमेऱ्यावर ठिपक्याचं चित्र घेऊन सर्वात तेजस्वी भाग सरासरीच्या किती वर आहे ते पाहावं. तो दीडपटीच्या वर गेला तर आधी किरण सुधारायचा, मग पुढचं.

डोळ्याच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. डोळा स्वतःच भिंग आहे. समांतर किरण आत सोडला तर तो पडद्यावर काही मायक्रॉनच्या ठिपक्यात गोळा होतो आणि तिथे छिद्रच पडेल. म्हणून किरण मुद्दाम असा वळवतात की पडद्यावर तो मिलिमीटरभर पसरलेला राहील. पण अल्ट्रासाउंडसाठी कॉर्नियावर, म्हणजे बुबुळाच्या पारदर्शक दर्शनी भागावर, पाणी किंवा जेल ठेवलं की कॉर्नियाची प्रकाश वळवण्याची ताकद जवळजवळ नाहीशी होते. माणसाच्या डोळ्यात एकूण ६० डायॉप्टरपैकी सुमारे ४३ कॉर्नियाचे असतात, म्हणजे किती मोठा हिस्सा जातो ते लक्षात येईल. हवेत बसवलेलं गणित पाण्यात लागू पडत नाही. ठिपका मोजायचा तो अल्ट्रासाउंडसाठी डोळ्यावर बसवायचा पाण्याचा नळा लावून, पडद्याच्या अंतरावर कागद किंवा कॅमेरा ठेवूनच.

आता अल्ट्रासाउंड. ट्रान्सड्यूसर (विजेपासून अल्ट्रासाउंड तयार करणारा भाग) कडीच्या आकाराचा असतो, मधल्या भोकातून लेसर जातो, त्यामुळे दोन्ही एकाच रेषेत येतात. वारंवारता अर्धा मेगाहर्ट्झ. इतकी खालची का, याला कारणं दोन: खालच्या वारंवारतेला बुडबुडा कमी दाबात उमटतो, आणि डोळ्याच्या भिंगातून ती फारशी न झिजता आत पोचते. तोटा असा की पाण्यात लहरीची लांबी ३ मिलिमीटर होते, त्यामुळे केंद्रबिंदूही तेवढाच रुंद. एकट्या अल्ट्रासाउंडने एक बारीक वाहिनी निवडता येणार नाही. निवड करतो तो लेसर. जिथे हिमोग्लोबिन आहे आणि ठिपका पडलाय, तिथेच बुडबुडा.

दाब मोजायला हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातला ध्वनी टिपणारा संवेदक, लागतो. जनरेटरवरच्या व्होल्टचा आकडा हा दाब नव्हे. अॅम्प्लिफायर, जुळणी-मंडल आणि ट्रान्सड्यूसर या तिन्हींत तो बदलतो. ट्रान्सड्यूसर जुना होतो, चिकट थर सुटतो, आणि त्याच व्होल्टला दाब कमी यायला लागतो. ऋण दाबाचं शिखर आम्ही अर्ध्या मेगापास्कलच्या आसपास ठेवतो आणि प्रत्येक मालिकेआधी पाण्याच्या टाकीत पुन्हा मोजतो.

खरी मेख वेळेची. अर्ध्या मेगाहर्ट्झच्या लहरीचं एक आवर्तन २ मायक्रोसेकंदांचं. त्यातला अर्धा काळ दाब धन, अर्धा ऋण. लेसरची पल्स ५ ते १० नॅनोसेकंदांची, म्हणजे या लहरीच्या मानाने ती एक टोकदार रेघच. ती ऋण बाजूच्या तळाशी पडली तर बुडबुडा, एक मायक्रोसेकंद पुढे-मागे झाली तर धन दाबावर पडून काहीच नाही. एक मायक्रोसेकंद म्हणजे पाण्यात दीड मिलिमीटर अंतर. सशाने श्वास घेतला तरी डोळा तेवढा हलू शकतो.

जुळणी अशी करतो. ट्रान्सड्यूसरच्या केंद्रबिंदूवर काळा दोरा ताणून बसवायचा. अल्ट्रासाउंड बंद ठेवून फक्त लेसरची मंद पल्स दोऱ्यावर टाकायची. दोरा प्रकाश शोषून आवाज करतो, तो ट्रान्सड्यूसरकडे यायला लागलेला वेळ ऑसिलोस्कोपवर वाचायचा. ४० मिलिमीटरचं अंतर असेल तर तो २७ मायक्रोसेकंदांच्या आसपास येतो. प्रकाश तिथे तत्काळ पोचतो, ध्वनी मात्र इतका वेळ घेतो. म्हणून अल्ट्रासाउंड तेवढं आधी सोडायचं. इथे नवखा माणूस लेसरच्या क्यू-स्विचचं (पल्स सोडणाऱ्या झडपेचं) सिग्नल घेऊन त्यावर अल्ट्रासाउंड चालवायला जातो. ते चालत नाही, कारण ते सिग्नल मिळेपर्यंत प्रकाश निघून गेलेला असतो. सिग्नल घ्यायचं लेसरला ऊर्जा देणाऱ्या फ्लॅशलॅम्पचं. लॅम्प पेटल्यापासून प्रकाश बाहेर पडेपर्यंत साधारण १५० ते २०० मायक्रोसेकंद मिळतात, तेवढ्यात डिले जनरेटरने (ठरलेला उशीर, म्हणजे डिले, लावणाऱ्या यंत्राने) अल्ट्रासाउंड आरामात पुढे काढता येतं. त्यानंतर दोऱ्याच्या जागी हायड्रोफोनचं टोक आणून ऋण दाबाचा तळ नेमका कुठल्या क्षणी येतो ते पाहायचं आणि अंशभराची दुरुस्ती करायची.

यात पाण्याचं तापमान गुपचूप गोंधळ घालतं. २० अंशांना पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला १४८२ मीटर, ३७ अंशांना १५२४ मीटर. फरक किरकोळ वाटतो. पण ४० मिलिमीटरच्या वाटेवर तो ०.७४ मायक्रोसेकंद भरतो, म्हणजे आवर्तनाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त. टाकीत खोलीच्या तापमानाला जुळवलेला डिले घेऊन कोमट पाण्याच्या नळ्याने उपचार केला तर लेसर ऋण तळावरून घसरलेला असतो, आणि कुठलंही यंत्र बिघाडाची खूण दाखवत नाही. सगळे आकडे बरोबर, परिणाम शून्य. म्हणून जुळणीचं पाणी आणि उपचाराचं पाणी एकाच तापमानाला, ३७ अंशांना ठेवायचं, आणि डोळ्यात शिरल्यावर वाहिनीतून येणारा आवाज ऐकून डिले पुन्हा तपासायचा. ट्रान्सड्यूसर स्वतः यासाठी जरा बहिरा असतो; शेजारी बसवलेला रुंद पट्ट्याचा (अनेक वारंवारता ऐकणारा) छोटा ध्वनिग्राहक जास्त कामाचा.

पाणी साधं चालत नाही. त्यात विरघळलेली हवा असते आणि अल्ट्रासाउंडच्या ऋण दाबाला तीच आधी बुडबुडे धरते, डोळ्याबाहेर, नळ्यातच. ते बुडबुडे लहर अडवतात. उकळून, गळ्यापर्यंत भरलेल्या बाटलीत बंद करून निववलेलं पाणी आम्ही वापरतो, शक्य असेल तेव्हा निर्वात पंपाने हवा काढलेलं. विरघळलेला प्राणवायू मोजायचा, लिटरला ८-९ मिलिग्रॅमवरून तो ३-४ च्या खाली आला पाहिजे. ओतताना धार उंचावरून सोडली तर सगळी मेहनत वाया. नळीचं टोक पाण्यात बुडवून हळू भरायचं. जेलचंही तेच. ट्यूबमधून दाबून काढलेल्या जेलमध्ये हवेचे कण असतात, ते सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून काढतात. हवेच्या एका पातळ थराने ध्वनीचा जवळजवळ सगळा भाग परत फिरतो, इतकी ही बाब टोकाची आहे.

इतकं झाल्यावर ससा. संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीची परवानगी आधीच हवी, आणि एकाच डोळ्यावर प्रयोग, दुसरा तसाच राखायचा. सशाच्या पडद्याची रचना माणसासारखी नाही हे ध्यानात ठेवून वाहिन्या निवडाव्या लागतात. त्याच्या वाहिन्या सगळीकडे पसरलेल्या नसतात. दृष्टिनाडीपासून दोन्ही बाजूंना आडव्या गेलेल्या पांढुरक्या पट्ट्यांवरच त्या असतात, आणि पडद्याच्या आत न शिरता पृष्ठभागावर. नेम धरायला हे सोयीचं, पण माणसाच्या पडद्याबद्दल बोलताना सावध राहायला लावणारं.

आजारी वाहिन्या तयार करायचे दोन मार्ग रूढ आहेत. डोळ्यात व्हीईजीएफ टोचलं की काही दिवसांत पाझर सुरू होतो, पण काही आठवड्यांत वाहिन्या आपोआप ओसरतात. अशा डोळ्यावर उपचार करून महिन्याने ‘वाहिन्या गेल्या’ असं लिहिणं म्हणजे आपोआप बऱ्या होणाऱ्या आजाराचं श्रेय घेणं. डीएल-अल्फा-अमिनोअॅडिपिक आम्ल टोचलं तर पडद्याच्या आधारपेशी दुखावतात आणि पाझरत्या वाहिन्या कितीतरी महिने टिकतात. आमची पसंती याला. तरीही उपचाराआधी थोड्या दिवसांच्या अंतराने दोनदा अँजिओग्राफी (वाहिन्यांचं चित्रण) करून पाझर स्थिर आहे का ते बघितल्याशिवाय पुढे जात नाही.

भूल केटामिन आणि झायलाझिनची, स्नायूत: वजनाच्या किलोमागे साधारण ४० आणि ५ मिलिग्रॅम. सशाला उलटी होत नाही म्हणून त्याला उपाशी ठेवत नाहीत. अर्धा ते पाऊण तास मिळतो, त्यात जुळवाजुळवीला जागा नाही. यंत्रं तयार असल्याशिवाय सुई टोचायची नाही. खाली गरम पाण्याची गादी, पायाला किंवा कानाला पल्स ऑक्सिमीटर. बाहुली मोठी करायला ट्रोपिकामाइड एक टक्का आणि फिनायलेफ्रिन अडीच टक्के, वरून बधिर करणारा थेंब. पापण्यांत चिमटा बसवल्यावर तिसरी पापणी आतल्या कोपऱ्यातून पुन्हापुन्हा बुबुळावर सरकते, तिला चिमट्याखाली धरून ठेवावं लागतं. सशाची पापणी क्वचितच मिटते म्हणून बुबुळ कोरडं पडणार नाही असं समजू नये. भुलीत ते काही मिनिटांत धुरकट होतं, आणि धुरकट बुबुळातून पडद्यावर पोचणारा प्रकाश कमी होतो. नळा बसेपर्यंत सलाईनचे थेंब चालू ठेवायचे.

नळ्याच्या तळाशी पातळ पारदर्शक पापुद्रा असतो, तो जेलवर टेकवायचा. टेकवायचा, दाबायचा नाही. दाबला की डोळ्यातला दाब वाढतो आणि पडद्याच्या वाहिन्या फिक्या पडतात. रक्तच कमी झालं तर लेसरला शोषून घ्यायला हिमोग्लोबिन नाही, म्हणजे उपचार लागू पडत नाही. आणि वरून पाहणाऱ्याला मात्र वाहिनी बंद झाल्यासारखी दिसते. दोन्ही बाजूंनी फसवणूक. कॅमेऱ्यावर दृष्टिनाडीच्या तोंडाशी वाहिन्यांचा रंग भरलेला दिसेल इतपतच नळा खाली आणावा.

५३२ नॅनोमीटरचा प्रकाश अडवणाऱ्या संरक्षक चष्म्यातून हिरवा ठिपका दिसतच नाही, म्हणून नेम धरायला त्याच वाटेने मंद लाल किरण सोडलेला असतो. १०६४ नॅनोमीटर वापरणार असाल तर चष्मा बदलायचा, हिरव्याचा चष्मा तिथे निरुपयोगी आहे आणि तो किरण डोळ्यांना दिसतही नाही. तरंगलांबी निवडणं हा मोठा विषय आहे. हिरवा प्रकाश हिमोग्लोबिन जोरात शोषतं, पण रंगद्रव्याचा थरही शोषतो. पांढऱ्या न्यूझीलंड सशाच्या डोळ्यात ते रंगद्रव्य नसतं, म्हणून त्याच्यावर निकाल सुरेख येतात. तेच मात्रेचे आकडे रंगीत डच बेल्टेड सशावर टिकतात का, हे पाहिल्याशिवाय आम्ही कुठल्याही मात्रेला सुरक्षित म्हणत नाही.

उपचाराची मिनिटं त्या मानाने शांत. आधी फक्त लेसर कमी मात्रेत, वाहिनीचा आवाज ग्राहकावर येतो का बघायला. मग दोन्ही. अल्ट्रासाउंडचा बर्स्ट (सलग लहरींचा तुकडा) १० मिलिसेकंदांचा, सेकंदाला १०, म्हणजे दहा टक्केच वेळ ते चालू असतं. ऊब साठत नाही. लेसरचीही सरासरी शक्ती वरच्या हिशेबाने सुमारे १६ मिलिवॅट, तीही २ मिलिमीटरवर पसरलेली. एका जागी मिनिटभर, म्हणजे ६०० पल्स, आणि मग थांबून पाहणं. मात्रा पायरीपायरीने वाढवायची.

मार्गदर्शक डोळा नव्हे, कान. ग्राहकावर अर्ध्या मेगाहर्ट्झचा आणि त्याच्या पटींचा स्वर येतो तो बऱ्याच अंशी नेहमीचा. पाव मेगाहर्ट्झला वेगळं शिखर उठलं की बुडबुडे तग धरून थरथरत आहेत. सगळ्या पट्टीत खरखर पसरली की ते कोसळून फुटू लागले आहेत. आम्हाला हवं ते या दोहोंच्या सीमेवर; खरखर सलग वाढू लागली तर तत्काळ थांबतो. आवाज कुठून येतोय हेही वेळेवरून कळतं. वाहिनीच्या अंतराचा आवाज ठरलेल्या क्षणी येतो, त्याच्या कितीतरी आधी आला तर बुडबुडे नळ्यात किंवा बुबुळावर आहेत. असं झालं की उपचार बंद, नळा काढून जेल बदलायचं. बुबुळावर किंवा भिंगावर बुडबुडे चालू ठेवणं म्हणजे पडद्याची वाहिनी मिटवण्याच्या नादात मोतीबिंदू लावणं.

परिणाम दिसतो तो असा: आधी वाहिनी किंचित बारीक होते, मग तिच्यातली रक्ताची सलग रेघ तुटून मधे फिकट अंतरं पडतात. काही मिनिटांत एखादा फाटा पांढरा होतो. शेजारी लाल धूसर डाग उमटला तर भिंत फुटली आहे.

काहीच दिसलं नाही तर पहिला मोह असतो लेसर वाढवायचा, आणि रक्तस्राव बहुतेक यातूनच होतात. तुटलेली बाब भलतीच असते, ताकद वाढवताना ती मधेच आपोआप जुळते, आणि दीडपट मात्रा एकदम वाहिनीवर पडते. तपासायचा क्रम आमचा ठरलेला आहे. आधी जेलमध्ये हवा. मग डिले आणि पाण्याचं तापमान. मग बुबुळाचा धूसरपणा. मग वाहिन्यांत रक्त भरलेलं आहे का. मग ठिपका खरंच वाहिनीवर आहे का, कारण लाल किरण आणि हिरवा किरण आरसा हलला की वेगळे होतात. हे सगळं ठीक निघालं तरच मात्रा, आणि तीही एका वेळी एकाच गोष्टीची, लेसर किंवा दाब.

सत्र संपल्यावर लगेच घेतलेल्या फ्लुरोसीन अँजिओग्राफीवर आम्ही निकाल देत नाही. कानाच्या शिरेत दहा टक्क्यांचं ०.२ मिलिलिटर द्रावण दिलं की वाहिन्या उजळतात, आणि उपचार झालेली वाहिनी काळी दिसते. पण ती नुसती आकसलेली असू शकते आणि दोन दिवसांत पुन्हा उघडते. तिसरा दिवस, एक आठवडा, दोन, चार, अशा क्रमाने पाहिल्यावरच बंद म्हणायचं. सुरुवातीच्या चित्रांपेक्षा दहा-पंधरा मिनिटांनंतरची चित्रं महत्त्वाची, कारण पाझर तिथे कळतो. ओसीटी अँजिओग्राफी (प्रकाशाने पडद्याचे थर टिपणाऱ्या ओसीटी स्कॅनवरून वाहिन्यांचं चित्र) सोपी आणि रंगाविना होते, पण ती वाहते रक्त दाखवते, पाझर दाखवत नाही. तिच्या एकटीच्या भरवशावर राहू नये. साध्या ओसीटीवर पडद्याचे थर शाबूत आहेत का, विशेषतः प्रकाशपेशींची रेघ सलग आहे का ते बघायचं. शेवटी ऊतींची तपासणी: नेहमीची रंगवणी, आणि मरणाऱ्या पेशी दाखवणारी ट्युनेल चाचणी.

तुलनेसाठी तीन गट हवेतच: काहीही न केलेला, फक्त लेसरचा, फक्त अल्ट्रासाउंडचा. हे तीन नसतील तर दोन्हींच्या मेळाने वाहिनी मिटली असं म्हणायला आधार नाही. वेळ वाचवायला लोक यातला अल्ट्रासाउंडचा गट गाळतात. आमच्या मते गाळायचाच झाला तर तो सोडून दुसरा कुठलाही गाळा, कारण भीती जास्त त्याचीच आहे.

ती भीती अशी. डोळ्याच्या तपासणीसाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने यांत्रिक निर्देशांकाची मर्यादा ०.२३ ठेवली आहे. हा निर्देशांक म्हणजे ऋण दाब मेगापास्कलमध्ये, भागिले मेगाहर्ट्झमधल्या वारंवारतेचं वर्गमूळ. अर्धा मेगापास्कल आणि अर्धा मेगाहर्ट्झ घेतले तर उत्तर ०.७१, म्हणजे मर्यादेच्या तिप्पट. ती मर्यादा तपासणीची आहे, उपचाराची नव्हे, हे खरं. पण माणसाच्या डोळ्यावर जायचं तर भिंग, बुबुळ आणि डोळ्यामागचं हाड या तिन्ही ठिकाणी तिप्पट दाब काय करतो याचं उत्तर आधी द्यावं लागेल. माणसाचा डोळा २४ मिलिमीटर लांब, सशाचा १७ च्या आसपास, म्हणजे डिले नव्याने. माणूस जागा असतो, त्याचा डोळा हलतो, आणि पडद्याच्या मधोमध बारीक वाचनाची जागा आहे जिच्यावर ठिपका सरकून चालणार नाही. डोळ्याचा माग घेऊन किरण तत्काळ बंद करणारी यंत्रणा त्यामुळे अनिवार्य.

आणि वाहिनी मिटली तरी पडद्याचा रक्ताविना राहिलेला भाग तसाच असतो. तो व्हीईजीएफ सोडत राहणार. आमचा अंदाज, ही पद्धत एकटी चालण्यापेक्षा इंजेक्शनांमधलं अंतर वाढवायला उपयोगी पडेल. पण नव्या वाहिन्या किती महिन्यांनी परत फुटतात हे चार आठवड्यांच्या प्रयोगात कळत नाही. त्यासाठी आम्लाने तयार केलेल्या, टिकणाऱ्या पाझराच्या डोळ्यांवर वर्षभराची अँजिओग्राफी लागते.